इनामदार सरांनी सांगितलं नाही

जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव सगुणा बिरू कोळेकर. गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला. इयत्ता सातवी. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात, मूकबधिर शाळेच्या क्रीडादिनाच्या सकाळी, मुलींच्या पळण्याच्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर ती सगळ्यांच्या पुढे होती आणि पुढे असतानाच पडली. पुन्हा उठली नाही. ती पडली तेव्हा तिच्या हृदयात नेमकं काय बिघडलंय हे एका माणसाला पक्कं माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, बापाला नव्हतं, शाळेला नव्हतं. त्या माणसाला होतं. त्याने सांगितलं नव्हतं.

हा लेख त्या माणसावर आहे. त्यांना मी इनामदार सर म्हणते. खरं नाव लिहिलं असतं तर महिनाभर त्यांच्या अब्रूवर चर्चा झाली असती आणि सगुणा बाजूला पडली असती.

सरांचं घर साताऱ्यात, नोकरी सांगलीकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात. सोमवारी सकाळी गाडीने यायचे, शनिवारी परत. हृदयाचा ताल का बिघडतो हा त्यांचा आयुष्याचा विषय. मी एम.एस्सी.ला असताना प्रकल्पासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एकच पेन, आणि ते पेन ते कोणाला द्यायचे नाहीत. सही करायला कोणी मागितलं तर म्हणायचे, "बाळ, पेन आणि टूथब्रश आपापला असावा." सगळ्यांना बाळ म्हणायचे. आमचे शिपाई निवृत्तीला टेकलेले, त्यांनाही बाळ. शिपाईमामा बाहेर आले की आम्हाला म्हणायचे, "बघा पोरीनू, माझा बाप आजून नोकरीला हाय."

सर तबला वाजवायचे. चांगला वाजवायचे, हे कबूल. जिथे बसतील तिथे बोटं चालू. मीटिंगमध्ये टेबलावर, गाडीत दाराच्या काचेवर, परीक्षेत पर्यवेक्षण करताना आमच्या बाकावर. इंग्रजी शब्द तोंडात आला की स्वतःलाच दटावायचे. ऱ्हिदम डिसॉर्डर म्हणायचं नाही, अतालता म्हणायचं. 'अतालता' म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू तो आजार त्यांनीच शोधला.

आणि शिकवायचे कसे, तेही सांगते. ते लपवलं तर हा लेख खोटा पडेल.

एकदा खडू घेऊन आले आणि फळ्यावर चक्क पाटाचं दार काढलं. म्हणाले, "हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत अशी दारं असतात. ठोका पडताना सोडियम, कॅल्शियम आत येतं. ठोका झाला की पोटॅशियमचं दार उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी पुढच्या पाळीला मोकळी होते. आता समजा हे दार गंजलंय. अर्धंच उघडतंय. मूल शांत बसलंय तोवर निभतं. पळालं, घाबरलं, की ठोके भराभर पडतात. एरवी शरीर अशा वेळी त्या दाराला निरोप धाडतं, जास्त उघड. निरोप नेणारे रेणू, दाराला चिकटणारे रेणू, त्यांचाच मी अभ्यास करतो. पण गंजलेल्या दाराला निरोप पोचूनही उपयोग नाही. आधीचं पाणी निघालेलं नाही आणि वरून पुढची पाळी सुटली. मग?"

जतकडचा एक मुलगा मागून म्हणाला, "बांध फुटतोय, सर."

"शाब्बास! हृदय नुसतं थरथरतं. रक्त पुढे जात नाही. मूल पडतं. कधी थरथर आपोआप थांबते, मूल उठून बसतं. कधी थांबत नाही." मग खडू खाली ठेवून, हळू आवाजात, "आणि गंमत म्हणजे हेच दार आतल्या कानातही असतं. आईकडून एक आणि बापाकडून एक, दोन्ही दारं गंजकी मिळाली तर ते मूल ऐकत नाही, आणि पळताना पडतं."

इतकं सोपं, इतकं स्वच्छ आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या पाळीवर जगणाऱ्या मुलखातलं उदाहरण. ते त्यांनी आम्हाला दिलं. ज्या बाईच्या रानातून उचललं, तिला मात्र दिलं नाही.

त्या बाईचं नाव हिराबाई. सगुणाची आई. घर पूर्वीपासून मेंढरांचं, आता थोडी द्राक्षंही. हिराबाई म्हणजे नवऱ्याच्या, बिरूच्या, मामाची मुलगी, आणि बिरूची सख्खी बहीण हिराबाईच्या भावाला दिलेली. साटंलोटं. दोन घरं शेजारी-शेजारी, एकाच रक्ताची. हिराबाईला दोन मुलं, सगुणा आणि तिच्यामागचा म्हाळू. दोघांनाही ऐकू येत नाही. त्यात सगुणा मधूनच पडायची. तालुक्याच्या डॉक्टरने फीट म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पडली की घरात कांदा फोडून नाकाशी धरायचे. पोरगी उठायची. कांद्याने उठते, हे सगळ्या वस्तीने डोळ्यांनी पाहिलेलं. ती आपोआप उठते हे कोणाला दिसणार? कांदा धरायच्या आधी उठली असती का, हे बघायला कोणत्या आईने हात बांधून बसायचं?

सरांना हे घर शाळेच्या तपासणी शिबिरात सापडलं. पहिल्या भेटीला मी बरोबर होते. दोन्ही घरांतल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. हिराबाई दंड पुढे करत म्हणाली, "घ्या की. पर आवं डाक्टर, ह्यातनं कळंल न्हवं पोरीला काय झालंय ते?"

"कळेल. निकाल आला की मी स्वतः येऊन सांगेन."

"सोताच या बरं का. चिट्टी धाडू नगा, वाचणारं कोन न्हाई."

"स्वतः येईन," सर म्हणाले.

हे वाक्य मी कानांनी ऐकलंय.

आता वाचणाऱ्याला वाटत असेल की माणूस दगड होता. नव्हता. तोच तर राग आहे. सगुणावर त्यांची माया होती. नाव विसरायचे नाहीत, येताना रंगीत पेन्सिली आणायचे. एकदा भिंतीवरचा ढोल त्यांनी विचारून खाली घेतला, मांडीवर आडवा धरला आणि सगुणाचे दोन्ही तळवे चामड्याच्या एका पानावर टेकवून दुसऱ्या पानावर वाजवायला लागले. पोरीचे डोळे एवढे मोठे झाले. ती हसायला लागली. हात उचलायची, पुन्हा ठेवायची. म्हाळू मध्ये घुसला. हिराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "देवमानूस हाय वं." मलाही त्या दुपारी तसंच वाटलं होतं.

पुढच्या भेटीत त्यांनी सगुणाच्या छातीला तारा चिकटवल्या आणि कमरेला छोटं यंत्र बांधलं. दिवसभराचे ठोके त्यात नोंदले जातात. सर बाजेवर थर्मासातली कॉफी पीत बसले होते. वस्तीवर ते पाणीही घ्यायचे नाहीत, पोट बिघडतं म्हणून. सगुणा वाघरीपाशी, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, कोकरांत खेळत होती. एडका मागून कधी आला तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याने धडक दिली, ती वळली, शिंगं समोर बघितली आणि कोसळली.

हिराबाई धावली. मी धावले. सरही धावले, आणि ओरडले, "थांबा! हात लावू नका, तारा सुटतील!"

मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते उभे राहिले. डॉक्टर. पोरीचा चेहरा निळा पडत होता. हिराबाईने त्यांना कोपराने बाजूला सारलं, बुक्कीने कांदा फोडला, नाकाशी धरला. थोड्या वेळाने सगुणाने श्वास ओढला.

"वा!" सर म्हणाले. यंत्रात सगळं नोंदलं गेलं होतं. असं रेकॉर्डिंग जगात फार थोड्यांकडे असेल असं ते वाटभर मला सांगत होते.

पण त्या 'वा'चा अर्थ हिराबाईने वेगळा घेतला. घाम पुसत म्हणाली, "बघितलंसा न्हवं डाक्टर? कांदा लय गुणाचा."

आणि सर हसून म्हणाले, "अगदी."

एवढंच. 'अगदी.' बाईच्या मनात कांद्याबद्दल कधी काही शंका असेल तर ती तिथे मिटली. तेव्हापासून ती सगळीकडे सांगायची, मोठ्या डाक्टरनं बी व्हय म्हटलंय. शाळेच्या वसतिगृहात पोरीला सोडताना बिरूने हेच सांगितलं. खेळाच्या सरांनी ऐकलं आणि प्रामाणिकपणे प्रथमोपचाराच्या पेटीत कांदा ठेवायला सुरुवात केली. मैदानावर सगुणा पडली तेव्हा त्यांनी तोच काढला. नाकाशी धरला आणि वाट बघितली. नेहमी उठते, आता उठेल. छाती दाबायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सर अजून रडतात. मी त्यांना दोष देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

बातमी मला बिरूच्या फोनने कळली. मी तोवर सांगली सोडून साताऱ्यात आले होते, आरोग्याची पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटात पूर्णवेळ. फोनवर तो एवढंच म्हणाला, "ताई, पोरगी पळता पळता गेली. पैली येत हुती." मी विचारलं, सरांचा निकाल आला होता का? "न्हाई. सर आलंच न्हाईत परत." मला वाटलं, निकाल लागलाच नसेल. प्रयोगशाळा आहे, उशीर होतो.

त्यानंतर काही दिवसांनी साताऱ्यात सरांचं जाहीर व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. कोरेगावहून शिक्षक आले होते. सर रंगात होते. पाटाचं दार झालं, गंज झाला, कान झाला. मग म्हणाले, "अशी दोन्ही दारं बिघडलेली असल्याचं आम्हाला एका मेंढपाळ कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात पक्कं सापडलं." आणि पडद्यावर त्या दिवशीचे ठोके दाखवले. एडक्याच्या धडकेनंतरची ती वेडीवाकडी रेघ. मी ती ओळखली. बाजेशेजारी उभी होते मी.

गेल्या उन्हाळ्यात. शर्यत हिवाळ्यात.

सर पुढे म्हणाले, "आणि उपचार काय, माहीत आहे? त्या गावात हृदयाला झटका देणारा डिफिब्रिलेटर परसात पिकतो. कांदा!" सभागृह खदखदून हसलं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

प्रश्नोत्तरांत मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ती मुलगी गेली. शाळेच्या शर्यतीत. कांदा नाकाशी धरून सगळे बसले होते."

हसू थांबलं. सरांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, नाटक नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार? गेलेच नव्हते. त्यांनी माइक तोंडापासून खाली घेतला. मग हळू आवाजात, जणू खोलीत आम्ही दोघंच आहोत असं, त्यांनी मला विचारलं,

"तेव्हा अंगावर यंत्र होतं का?"

मी खूप लोकांशी भांडलेय. भोंदूंशी, सरपंचांशी, कारखान्याच्या माणसांशी. इतकं थंड वाक्य मला कोणी ऐकवलेलं नाही. यात दुष्टपणा नव्हता. सवय होती.

बाहेर गाडीपाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, म्हाळूचा निकाल द्या. त्याचंही रक्त तुमच्याकडे आहे.

"बाळ, नावानिशी असं देता येत नाही. संशोधनाचे नियम असतात. दुसऱ्या प्रयोगशाळेने पुष्टी करायची आहे."

"व्याख्यानात पक्कं सापडलं म्हणालात."

"व्याख्यान वेगळं."

"मग गोळ्या तरी सुरू करा. साध्या गोळ्या आहेत, तुम्हीच शिकवलंत."

ते गाडीच्या टपावर बोटं वाजवत होते. थांबले. "औषध सुरू केलं की चित्र बदलतं, बाळ. म्हाळूचं औषधाविना एक रेकॉर्डिंग हवं आहे. एकच. मग मी स्वतः सुरू करणार होतो. सगुणाचंही करणार होतो." मग मला समजावत, "आणि सांगून काय होतं, याचा विचार केलास? त्या घराला कोणी मुलगी देणार नाही. घेणार नाही. मी त्यांचं संरक्षणच केलं."

"त्यांनी मागितलं होतं का असलं संरक्षण?"

"तू पत्रकं काढतेस ना हल्ली," सर म्हणाले. "भाषेत दिसतं."

सरांच्या माजी विद्यार्थ्यांचे मला फोन येतात. सर किती मोठे, किती साधे, परदेशातून बोलावणी आली तरी गेले नाहीत, तू एका चुकीवरून माणूस मोजतेस. चूक? चूक म्हणजे सुई दुसऱ्या शिरेत जाणं. हा निर्णय होता. उन्हाळ्यात घेतला, पावसाळ्यात घेतला, दिवाळीत घेतला. सांगली ते कवठे महांकाळ रस्ता चांगला आहे, गाडी त्यांची होती, ड्रायव्हरही होता. दर सोमवारी साताऱ्याहून सांगलीला येणाऱ्या माणसाला एकदा तेवढं पुढे जाता आलं नाही, यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. हिराबाईला अंगणातच सगळं सांगितलं, त्यांचंच पाटाचं उदाहरण देऊन. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी पळाय न्हाई पायजे हुतं तिनं."

"नाही."

"आन मी तिला म्हटलं हुतं, पैली ये."



म्हाळूला आम्ही सांगलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. साधा ईसीजी. छातीला चिमटे लावले, कागद बाहेर आला. तिथल्या डॉक्टर बाईंनी पट्टी लावून बघितलं आणि म्हणाल्या, ठोका पडून हृदय मोकळं व्हायचं हे अंतर फार लांबलंय, याच्या घरी असं कोणी अचानक गेलंय का? गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पळायचं नाही, पोहायचं नाही, कुठली औषधं चालत नाहीत, पुढे छातीत यंत्र बसवावं लागेल का, सगळं बिरूला समोर बसवून सांगितलं. निकालाची वाट बघायची गरजच नव्हती. तो कागद सगुणाच्याही हातात कोणीही, कधीही ठेवू शकलं असतं.

राहिलं शेजारचं घर. हिराबाईच्या भावाला आणि बिरूच्या बहिणीला नुकतं बाळ झालेलं. त्याच्या डोक्याशी थाळी वाजवली तरी ते दचकत नव्हतं. ही खबर कशी कोण जाणे सरांपर्यंत पोचली आणि एका सकाळी सर आले. मी तिथे होते. आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला, वस्तीवर काळा चिखल. सरांच्या हातात रक्ताच्या नळ्यांची पेटी, आणि पेन्सिलींचा डबा. सवयीने आणला असावा. तो कोणाला द्यायचा हे त्यांना कळेना. शेवटी ड्रायव्हरकडे दिला.

"फार वाईट झालं," ते हिराबाईला म्हणाले. मनापासून म्हणाले.

हिराबाई भावाच्या दारात आडवी उभी होती. "बाळाचं रगत पायजे व्हय?"

"थोडंसंच. टाचेतून."

"आमचं सगळ्यांचं घेतलंसा तवा कळलं काय, ते आधी सांगा. मग हात लावा."

"बाई, ते तसं सांगून तुम्हाला कळणार नाही."

"आवं, न्हाई कळलं तर न्हाई कळलं. तुमी सांगा तरी. पोरगी माजी हुती."

आतून भावजय म्हणाली, "वन्सं, जाऊ द्या त्यास्नी. आमी सांगलीला नेतो बाळाला." म्हाळू आईला बिलगून सरांच्या तोंडाकडे बघत होता. ओठांवरून काही कळतंय का बघत असावा. सर बोलतील म्हणून आम्ही सगळेच बघत होतो. पाच वाक्यांचं काम होतं. वर्गात त्यांनी ते डोळे मिटून केलं होतं.

ते वळले. गाडीपाशी गेले. दार उघडून कडेवर बसले, पाय बाहेर सोडले आणि निंबाची एक काटकी उचलून बुटांचा चिखल काढायला लागले. आधी उजवा, मग डावा. टाचेच्या खाचेतलासुद्धा. अगदी नीट. वस्ती उभी राहून बघत होती. दोन्ही बूट स्वच्छ झाल्यावर त्यांनी काटकी बाजूला ठेवली, पाय आत घेतले, दार लावलं. सरांना मी शेवटचं पाहिलं ते असं.

बाळाचा ईसीजी झाला. त्याचंही अंतर लांबलेलं आहे. औषध चालू आहे. त्याच घरातल्या मोठ्या मुलींचे अजून काढायचेत.

सरांकडे फक्त हेच एक घर नव्हतं. जिथे जिथे त्यांनी रक्त घेतलं तिथले निकाल त्यांच्याकडे आहेत, आणि ते देणार नाहीत असं मी धरून चालले आहे. तुम्हीही तसंच धरा. वाट बघू नका. हे वाचून झालं की तुमच्या तालुक्यातली मूकबधिर शाळा शोधा. उद्याच जा. मुख्याध्यापकांसमोर बसा आणि विचारा, इथल्या किती मुलांचा ईसीजी काढलाय? पळताना किंवा घाबरून कोण पडतं? कोणी पडलं तर छाती कोण दाबणार, त्याला शिकवलंय का? उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि ज्या मुलाचा काढलेला नाही, त्याला घेऊन स्वतः दवाखान्यात जा. पुढची शर्यत लावायच्या आधी.